'त्वचा बदला' म्हणजे नेमकं काय बदलायचं?

ओहोळ
आमच्या गावात (फोंडा तालुका, याहून जास्त विचारू नका) जत्रेच्या रात्री नाटकं होतात. त्यांची माहिती जमवायचं काम दोन वर्षं चाललंय. जुनी हँडबिलं, कुठल्या साली कुणी काय केलं, पेटीला कोण होतं, तबल्याला कोण. वहीत मावेना, म्हणून मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बसवलं. मूळ रूप फारच कचेरीसारखं दिसत होतं, तेव्हा व्हेक्टर या तयार रूपावर आपली सीएसएस (रंग, अंतर ठरवणारे नियम) चढवून वेगळी स्किन, म्हणजे पानांचं बाहेरचं रूप, केली. वरची पट्टी चिऱ्याच्या रंगाची, बाकी चुन्याच्या भिंतीसारखं पांढरं. गावातल्या ११ जणांना दाखवली आणि काय वाटतं ते सांगा म्हटलं.

अडचण इथे आली. सूचनांच्या पानावर मी लिहिलं होतं, 'पसंती या पानावर जा, त्वचा बदला'. शब्द माझा नाही, मीडियाविकीच्या मराठी भाषांतरात स्किनला 'त्वचा'च आहे. तारुण्यात स्त्रीपार्ट गाजवलेले आमचे एक आजोबा, आता ऐंशीच्या घरात, त्यांचा फोन आला. "अरे, कात बदलूंक सांगता कितें? ह्या पिरायेर?" (कातडी बदलायला सांगतोस की काय? या वयात?)

हसू आलं, पण त्यांचं चुकलं कुठे? तर, स्किनला तुम्ही काय म्हणाल? संदेश बदलणं माझ्याच हातात आहे. मीडियाविकी नामविश्वातलं, म्हणजे असे संदेश जिथे ठेवलेले असतात तिथलं, एक पान संपादित केलं की झालं.

बिंबल
स्किनच ठेवा. म्हापशाच्या बाजारात मोबाइलवाला विचारतो, "स्किन लावून देऊ?" ऐंशी वर्षांची बाईसुद्धा "लाव" म्हणते. तिला कुणी त्वचा म्हणजे काय हे समजावलेलं नाही.

पाणिनीचा पाहुणा
बिंबल, मोबाइलवाल्याच्या तोंडचा शब्द म्हणून तो मराठी होत नाही. त्वचा बरोबर आहे. आतलं शरीर तेच, वरचं आवरण वेगळं, हा अर्थ तंतोतंत बसतो. सुरुवातीला प्रत्येक शब्द हास्यास्पदच वाटतो. मराठी विकिपीडियावर सराव करायच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात, गप्पांच्या पानाला 'चावडी', टेम्प्लेटला 'साचा'. कुणी कुरकुर केली का? रुळले की नाही?

म्हादयकाठ
रुळले, कारण ते शब्द कुणी घडवलेलेच नाहीत. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, पुसायची, पुन्हा गिरवायची. ही वस्तू खरोखर होती. नाव ऐकलं की काम कळतं. त्वचा ऐकलं की मलम आठवतं. हा शब्द इंग्रजी शब्दासमोर कोश उघडून बसवलाय, वस्तूकडे बघून नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका.

जुना जुळारी
मी पणजीत छापखान्यात ३१ वर्षं खिळे जुळवले. पुस्तकावर जे चढतं आणि पुस्तकाला धक्का न लावता उतरवता येतं, त्याला वेष्टन म्हणतात. शाळकरी मुलं खोळ म्हणतात. 'खोळ बदला' लिहा, उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्यांना कळेल.

आता काही न विचारता सांगतो. ओहोळबाब, तुमचा विकी मी पाहिला. ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात. देवनागरीला वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. रोमनच्या मापाने ओळ लावली की गळा आवळला जातो. आम्ही पोऱ्याला ओरडायचो, "अरे, दोन लेड टाक!" लेड म्हणजे दोन ओळींमध्ये घालायची शिशाची पट्टी. तुमच्या सीएसएसमध्ये तिचं नाव काय असेल ते असो, पण टाका.

ओहोळ
जुळारीकाका, टाकली. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.३ होती, १.७ केली. शीर्षकांत तर याहून वाईट होतं. मी शीर्षकाच्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवा) लावलं होतं, त्यामुळे 'मूर्तींची मिरवणूक' या पानावर मूर्तींचा रफार आणि अनुस्वार दोन्ही गायब. शिवाय शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं झालं. रोमन मासिकांची नक्कल करायला गेल्याचा दंड भरला.

आणि सगळ्यांत मोठी फजिती. दुव्यांना मी चिऱ्याचाच लाल दिला होता. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी लिहिलं, "विकी सुंदर, पण यातलं एकही पान अजून लिहिलेलं का नाही?" मग ट्यूब पेटली! मीडियाविकीत लाल दुवा म्हणजे अस्तित्वात नसलेलं पान. गेली वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत हे बसलंय आणि मी ४०० पानं एका फटक्यात न लिहिलेली करून टाकली. आता दुवे निळे, चिरा फक्त वरच्या पट्टीवर.

आबोली
ओहोळ, शब्द तुमच्या दारात आहे आणि तुम्ही कोश चाळताय. मखर!

नवरात्रात आमच्याकडे देवळात मखरोत्सव असतो. कीर्तन संपतं, देवीची उत्सवमूर्ती मखरात बसवतात, आरती सुरू होते आणि मग ते अख्खं मखर झुलवतात. ढोल-कासाळ्यांच्या आवाजात समोरचा माणूस स्वतःही झुलायला लागतो. रोज थाट वेगळा. काल देवी सिंहावर होती, आज मोरावर. मूर्ती तीच, मखर तेच, सजावट दुसरी. पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून आमची आई कीर्तनालाच जाऊन बसायची, आणि घरी येऊन म्हणायची, "आज मखर खुललं नाही." म्हणजे देवी कमी पडली असं नव्हे. 'आज स्किन जमली नाही' याहून वेगळं काय म्हणता तुम्ही?

बिंबल
आवडलं. पण मूर्ती तीच, मखरही तेच, मग बदललं ते मखर कसं? बदलली ती आरास. तुमच्याच वाक्यात तुम्ही पडलात.

आबोली
आमच्याकडे दोन्हीला मखरच म्हणतात. गणपतीतही 'यंदा मखर कसलं केलं?' असंच विचारतात. लाकडी चौकट गेल्या वर्षीचीच असते.

म्हादयकाठ
माझ्या आजीपुढे हा शब्द काढला असता तर ती लाजून आत गेली असती. तिच्या पिढीत मुलगी पहिल्यांदा न्हाण आली की तिला मखरात बसवत. गावभर वाजतगाजत. तिने ते एकदाच सांगितलं, तेही मी नर्सिंगला असताना, आवाज खाली करून. 'मखर बदला' वाचून काही बायकांना नक्की वेगळंच आठवेल.

पाणिनीचा पाहुणा
हे बरं झालं निघालं. मखर हा शब्द संस्कृत 'मख' म्हणजे यज्ञ, त्यावरून आला असणार. यज्ञाजवळची सजवलेली जागा.

आबोली
मला नेहमी वाटतं तो 'मकर' आहे. देवळात मूर्तीमागे मकरतोरण असतं ना, तेच.

बिंबल
मखातून मखर आणि मकरातून मखर. उद्या माकडातून कुणी काढलं नाही म्हणजे मिळवली.

तिठ्यावरचा
मला नवल वाटतं, पहिल्याच फोनमध्ये उत्तर होतं आणि कुणी उचललं नाही. आजोबा म्हणाले 'कात'. कोंकणीत कात म्हणजे कातडी. मराठीत साप कात टाकतो. आणि एखादी संस्था नव्या रूपात आली की वर्तमानपत्रं लिहितात, 'संस्थेने कात टाकली'. विकीने कात टाकली! याहून चपखल काय हवं? 'कात बदला' असं लिहा, गोवेकराला दोन्हीकडून कळेल.

पाणिनीचा पाहुणा
मराठी विकीत कोंकणी शब्द कशाला घुसवायचा? आधीच गोव्यातल्या मराठीला कोंकणीची पोटभाषा म्हणणारे कमी आहेत का?

तिठ्यावरचा
उलटंच म्हणतात हो सहसा. आणि गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा १९८७चा वाद इथे नको. कात टाकणे हा मराठी वाक्प्रचार आहे, मी शाळेत मराठीच्या पुस्तकात शिकलो. आमच्या घरात आई कोंकणी बोलते, बाबा मराठी पेपर वाचतात आणि भांडण फक्त मासळीवरून होतं.

जुना जुळारी
कात पानातही असतो. चुना आणि कात. पान बदला, कात बदला, एकाच ओळीत लिहिलंत तर आमच्यासारखे लोक तंबाखू शोधतील.

ओहोळ
काका, तो धोका विकीत खराच आहे, तिथे सगळी पानंच.

मला अजून एक विचारायचंय. विकीच्या तळाशी एक बटण ठेवलं होतं, 'अभिप्राय'. तीन आठवड्यांत २३ जणांनी लिहिलं. त्यातल्या १९ जणांनी काय लिहावं? "उपक्रम स्तुत्य." "पुढील वाटचालीस शुभेच्छा." एकाने चारोळी केली. रफार कापला गेलाय, हे एकानेही सांगितलं नाही. ते मला जुळारीकाकांनी इथे सांगितलं. मग शब्द बदलून 'खटकलं ते सांगा' केलं आणि चार दिवसांत सतरा दुरुस्त्या आल्या. मोबाइलवर शोधाची पेटी पट्टीखाली जाते, फिकट करडी अक्षरं उन्हात दिसत नाहीत, हँडबिलाचं चित्र मोठं करायला जावं तर मागचं पान सरकतं. फिकट अक्षरांची तक्रार पाचजणांची. मोजून पाहिलं तर पार्श्वभूमीशी फरक ३ला १ सुद्धा नव्हता, साध्या मजकुराला किमान ४.५ला १ लागतो.

आजोबांनीही लिहिलं. "ल माझ्या नावातलो न्हय." टंकाचा (फॉन्टचा) ल हिंदी वळणाचा होता. पानावर भाषा मराठी अशी खूण नव्हती. ती लावल्यावर त्याच टंकाने मराठी वळणाचे ल आणि श काढून दिले.

पाणिनीचा पाहुणा
महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ल आणि श यांची रूपं ठरवून दिली आहेत. ती सुरुवातीपासून पाळायला हवी होती.

तिठ्यावरचा
तो निर्णय मांडवीच्या या बाजूला कधी पोचला? आजोबांनी निर्णय वाचून नाही सांगितलं, त्यांनी आपल्या नावाकडे बघून सांगितलं.

आबोली
'अभिप्राय'चं अगदी खरं. आमच्या वाचनालयात अभिप्रायवही आहे. तीत फक्त पाहुणे लिहितात, आणि तेही निघताना, नारळ हातात असताना. त्या शब्दात टीका बसतच नाही. 'प्रतिसाद' ठेवा.

म्हादयकाठ
प्रतिसाद म्हणजे हाकेला ओ. टाळ्या हाही प्रतिसादच. रुग्ण प्रतिसाद देत नाही, असं आम्ही कधी म्हणतो ते आठवा.

बिंबल
'सूचना' ठेवा म्हणायचं तर सूचना म्हणजे नोटीसही. चपला बाहेर काढाव्यात, ही सूचनाच.

पाणिनीचा पाहुणा
'खटकलं' हे बोलीतलं आहे, जाहीर जागी शोभत नाही. 'त्रुटी कळवा' लिहावं.

जुना जुळारी
त्रुटी कळवायला माणूस आधी आपला अधिकार तपासतो. खटकायला अधिकार लागत नाही. आमच्याकडे प्रुफं वाचायला एक मास्तर येत. साहेबांच्या लेखातली त्रुटी काढा म्हटलं तर म्हणायचे, "मी कोण?" पण डोळ्याला काय टोचतं विचारलं की पानभर लाल खुणा.

बिंबल
जुळारीकाकांना दोन लेड जास्त.

ओहोळ
ठीक, 'खटकलं ते सांगा' राहतंय. आणि हे जे एकेक खटकलेलं काढून टाकणं चाललंय, त्याला काय म्हणू? बदलांची नोंद राहते त्या इतिहासाच्या पानावर मी दर वेळी 'सुधारणा' लिहितो. सातव्यांदा सुधारणा लिहिताना लाज वाटते.

तिठ्यावरचा
सोनाराकडे जुना दागिना नेला की तो उजळा देतो. घडण तीच, मळ जातो. 'उजळा दिला' असं लिहा.

पाणिनीचा पाहुणा
परिष्करण.

बिंबल
परिष्करण लिहिलंत तर पुढचे आठ दिवस पुन्हा "उपक्रम स्तुत्य" येईल.

आबोली
उजळा मलाही आवडला. पण मूळ प्रश्नाचं काय? मी मखरावर ठाम आहे. आणि ओहोळ, वरच्या पट्टीत नुसता चिऱ्याचा रंग काय देता, चतुर्थीला माटोळीचं, गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीचं, चित्र द्या. नारळाची पेंड, पोफळाचा कात्रा, आंबाडे, कांगलां. पट्टी वर टांगलेलीच असते, माटोळीसारखी.

पेडण्यापलीकडचा
पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. माटोळी नव्हे, माटवी. सिंधुदुर्गात आमच्याकडे सगळे माटवीच म्हणतात.

आबोली
तेरेखोल ओलांडली की नावं बदलतात, त्याला आम्ही काय करणार? गोव्यात माटोळीच.

पाणिनीचा पाहुणा
दोन्हींच्या मुळाशी 'मंडप' आहे का ते पाहायला हवं.

जुना जुळारी
माटव म्हणजे मांडवच. आमच्या आवाठात लग्नाचा माटव घालतात. त्यावरून माटवी हे सरळच आहे. पण मग माटोळीतला 'ळ' कुठून आला?

पेडण्यापलीकडचा
मांडवावर आमच्याकडे एक गोष्ट सांगतात, थोडी लांब आहे. लिहू का?

बिंबल
लिहा की.