४९ रुपयांचं पाकीट विकून हातात काय उरतं?

अमळनेरची_कटलरी

अमळनेरला आमचं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, रबरं, क्लचर, केसांच्या टिकटॉक पिना, साडीचे फॉल, लेस असा सगळा माल. दुकान पप्पा बघतात, ऑनलाइनचं मी बघते. सहा टिकटॉक पिनांचं पाकीट ४९ रुपयांना लावलं आहे आणि ऑर्डरी बऱ्या येतात. ४९ मधले २७ खात्यात जमा होतात. माल १६ चा, पिशवी आणि लेबल मिळून ४. म्हणजे पाकिटामागे ७ रुपये सुटायला पाहिजेत, पण महिनाअखेर बँकेत तेवढे दिसत नाहीत.

पप्पा म्हणतात, बंद कर आणि गल्ल्यावर बस. मला बंद करायचं नाही. खेड्यावरून बाजाराला येणारं गिऱ्हाईक कमी झालंय, तीच माणसं आता मोबाइलवर मागवतात. किंमत वाढवावी तर दुसरा कोणीतरी तेच पाकीट ४५ ला लावून बसलेला असतो. इतक्या स्वस्त मालात खरंच कोणाला नफा होतो का?

तापीकाठ_भुसावळ

होतो ताई. मी घरातूनच करते आणि त्यावर माझं घर चालतं. पण तुझा हिशोब पाकिटाचा आहे, तो शंभर पार्सलांचा करून बघ.

शंभर गेली असं धर. त्यातली बारा परत आली, म्हणजे अठ्ठ्याऐंशी टिकली. ८८ गुणिले ७, झाले ६१६. परत आलेल्या बारांची पिशवी आणि लेबल वाया, ४८ गेले. आता त्या बारांतली आठ दारातूनच परत आली असतील: फोन उचलला नाही, घरी कोणी नव्हतं, कॅश ऑन डिलिव्हरीला पैसे नव्हते. हे आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. त्याचा परतीचा खर्च बऱ्याच ठिकाणी विक्रेत्यावर पडत नाही, तुझ्या करारात काय आहे ते मात्र बघून घे. उरलेली चार ग्राहकाने घेऊन, उघडून, मग परत केली. त्याचं रिटर्न शिपिंग तुझ्या खात्यातून कापतात. एकाला १३० धरले तरी ५२० झाले. ६१६ वजा ४८ वजा ५२०, राहिले ४८ रुपये. शंभर पार्सलं भरण्याची मेहनत, आणि हातात ४८! त्यातली तीन पाकिटं फाटून आली तर तेही गेले.

तू पिना स्वस्त विकतेस म्हणून हे होत नाही. पार्सलचा खर्च आत काय आहे ते बघत नाही. पिशवी, लेबल, पिकअप, वजनाचा पहिला स्लॅब, रिटर्न, हे सहा पिनांनाही तेवढंच लागतं आणि साठ पिनांनाही जवळपास तेवढंच. म्हणून मी एक नियम पक्का केलाय: स्वस्त वस्तू विकायची, पण स्वस्त पार्सल पाठवायचं नाही.

आता तुझ्याच दुकानातला माल घे. चोवीस टिकटॉक पिना, सहा क्लचर, रबरांचा एक पुडा. खरेदी ७२ च्या आसपास बसेल, पॅकिंग ६. किंमत लाव १९९. ६० कापले गेले तरी १३९ येतात, म्हणजे एका पार्सलला ६१ सुटतात. तेच बारा रिटर्न, त्यातली चार ग्राहकाची, धरून शंभराला ४,७७६. किंमत वाढली म्हणून रिटर्न दीडपट झाले तरी चार हजारांच्या वर राहतं. आणि शंभराऐवजी तीसच गेली तरी चौदाशेच्या पुढे उरतात, तेही तीस पार्सलांच्या कामात.

मोठं खोकं मात्र वापरू नकोस. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर तेच लावतात. क्लचर फुगीर असतात, एकमेकांत अडकवून चपटे भर. एका तालुक्याच्या गावातल्या बहिणीची पार्सलं मी पाहिली आहेत, हलका माल आणि मोठ्या खोक्यामुळे वरचा स्लॅब. फार वाईट वाटलं.

कमिशनवरून हुरळून जाऊ नकोस. मीशो कमिशन घेत नाही. ॲमेझॉननेही ७ एप्रिल २०२५ पासून १३५ हून जास्त प्रकारांत ३०० रुपयांखालच्या वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे विक्रीवरचं कमिशन, काढली. पण शिपिंग आणि बाकीच्या फिया राहतातच, आणि स्वस्त मालाला खातं ते तेच.

चोपडा_रोड

मीसुद्धा अमळनेर भागातलाच. ४५ वाल्याच्या मागे लागू नका. तो बहुतेक बनवणारा नाहीतर आयात करणारा असतो, त्याला माल आपल्यापेक्षा स्वस्त पडतो. जिथे तो नाही तिथे जा. श्रावणात कानबाईच्या वेळी (आपल्या खानदेशातला देवीचा सण) आमच्या सुरतच्या नातेवाइकांचे फोन येतात: छोटी नथ पाठव, हिरव्या बांगड्या पाठव, खणाचा तुकडा पाठव. उधना, लिंबायत भागात आपली किती माणसं आहेत! कल्याणला, पुण्याला, नाशिकलाही आहेत. कानबाईचा तयार साज एका पिशवीत मिळाला तर ते किंमत विचारणार नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईचंही तेच. तुमच्या दुकानात हा माल पडूनच असेल.

धुळे_हिशोबनीस

वरचा विचार चांगला आहे, पण सुरतचं नाव आलं म्हणून थांबवतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो. पॅनवर पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घ्यायचा, आणि उलाढाल ४० लाखांच्या आत पाहिजे. पण तो माल फक्त आपल्या राज्यात जातो. नवापूर ओलांडलं की गुजरात. करपात्र माल तिकडे विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतली तरी तेच. तेव्हा ताई, आधी ठरवा: पुणे-कल्याणवर भागवायचं की नोंदणी करून सुरतही धरायचं. नोंदणी केली की प्लॅटफॉर्म ०.५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातूनच आधी घेतलेला कर, कापतो (१० जुलै २०२४ पूर्वी १ होता). तो बुडत नाही, जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात (कॅश लेजरला) जमा होतो, फक्त तो घ्यायला विसरू नका.

दुसरं, सेट करताना. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांवर जीएसटी शून्य आहे. पण त्या क्लचर-लेसबरोबर एकाच किमतीच्या पाकिटात घातल्या तर सगळ्या पाकिटाला त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. शून्य कराचा माल वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि सेट तुम्ही बांधलात म्हणजे पॅक करणारे तुम्ही. नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी नंबर पाकिटावर छापलेला पाहिजे. आयात माल असेल तर आयातदार आणि मूळ देशही.

अमळनेरची_कटलरी

सगळ्यांचे खूप आभार. पप्पांना शंभर पार्सलांचा हिशोब वाचून दाखवला, ते पहिल्यांदा पूर्ण ऐकून बसले. ४९ चं पाकीट आज बंद केलं. कानबाईचा साज करणार, आधी महाराष्ट्रातच. ओळखीच्या लोकांना पोस्टाने थेट पाठवलं तर परवडेल का?

तापीकाठ_भुसावळ

परवडेल, पण पैसे आधी यूपीआयवर घे. रजिस्टर्ड पोस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं. दर वजन आणि अंतराप्रमाणे, वर जीएसटी. म्हणून साज जमेल तेवढा हलका ठेव, नारळ ज्याचा त्याने घरी घ्यावा. बांगड्या काचेच्या असतील तर पुठ्ठ्याच्या नळीत घाल आणि दोन्ही टोकांना कापडाच्या चिंध्या कोंब. फुटून गेलेली बांगडी सणाच्या घरात फार जिव्हारी लागते.

अमळनेरची_कटलरी

नळ्या आहेत, फॉलच्या गठ्ठ्यांत येतात त्या. उद्या वजन करून इथे टाकते.