प्लासिबोला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
एका औषधचाचणीचं संमतीपत्रक मराठीत करतेय. 'प्लासिबो'साठी, म्हणजे दिसायला औषधासारख्या पण औषध नसलेल्या गोळीसाठी, 'छद्मौषध' वापरलेलं वाचलं, पण 'छद्म' म्हटलं की सही करणारा माणूस बिचकणार. एके ठिकाणी तर 'प्लासिबो इफेक्ट'चं, म्हणजे अशा गोळीनेही पडणाऱ्या आरामाचं, 'छद्म परिणाम' केलंय. चालेल का हे?

प्रतिसाद
ताई, 'छद्मौषध' एक वेळ चालेल, 'छद्म परिणाम' नको. गोळी खोटी असते, परिणाम खोटा नसतो. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. काहींचं दुखणं नुसत्या प्लासिबोने कमी झालं. त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते परत वाढलं. नॅलोक्सोन मॉर्फीनची क्रिया रोखतं. म्हणजे आधीचा आराम शरीराने स्वतःच सोडलेल्या एंडॉर्फिनमुळे, म्हणजे मॉर्फीनसारख्या वेदनाशामक द्रव्यामुळे, पडला असणार, असा अर्थ संशोधकांनी लावला. याला छद्म कसं म्हणायचं?

प्रतिसाद
व्युत्पत्ती मजेदार आहे. लॅटिनमध्ये 'प्लासिबो' म्हणजे 'मी प्रसन्न करीन'. बायबलच्या एका स्तोत्रात मूळ हिब्रू 'मी परमेश्वरासमोर चालेन' असं आहे. ग्रीक भाषांतरात 'चालेन'चं 'प्रसन्न करीन' झालं आणि लॅटिनने तेच उचललं. मृतांसाठीच्या प्रार्थनेत ही ओळ यायची. पुढे इंग्रजीत हा शब्द खुशामतखोराला चिकटला. चॉसरच्या एका कथेत त्या नावाचं हांजी हांजी करणारं पात्रच आहे. १८११च्या एका वैद्यकीय कोशात अर्थ दिलाय तो असा : रोग्याला फायद्यापेक्षा खूश करण्यासाठी दिलेलं औषध. थोडक्यात, भाषांतरात घसरलेल्या शब्दाचं भाषांतर करायला आपण बसलोय!

प्रतिसाद
एवढं कशाला? आपल्याकडे 'हातगुण' आहे की.

प्रतिसाद
हातगुण! मी औषधशास्त्र शिकवतो, पण हा शब्द मला सुचला नव्हता. गोळीत काही नसून देण्यात काहीतरी आहे, हे त्यात बरोबर येतं. आणि खऱ्या औषधालाही तो लागू पडतो. वेदनाशामक रुग्णाच्या नकळत, शिरेला जोडलेल्या यंत्रातून सोडलं तर तेवढाच आराम पडायला जास्त मात्रा लागते. तेच समोर उभं राहून 'आता दुखणं थांबेल हं' म्हणत दिलं तर कमी पुरते. डबल ब्लाइंड चाचणीत कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं, म्हणून हातगुण औषधाच्या आणि प्लासिबोच्या, दोन्ही गटांना सारखाच मिळतो. तो वजा केला की औषधाचा गुण उरतो.

पण एक घोळ टाळा. प्लासिबो गटात जे जे बरे झाले ते सगळे हातगुणाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. सर्दी तशीही उतरतेच. पाठ अगदी धरली की माणूस डॉक्टरकडे जातो, आणि तिथून दुखणं बहुधा कमीच होणार असतं. सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोनेच आराम पडतो, हा बीचर या अमेरिकन डॉक्टरने १९५५ साली मांडलेला आकडा अजून फिरतो, पण त्यात हा आपोआप पडलेला उतारही मिसळलेला आहे. खरा हातगुण मोजायचा तर ज्यांना काहीच दिलं नाही असा तिसरा गट हवा.

दुसरं म्हणजे मराठीत 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' वेगळं आहे, ते जपा. २०११ साली दम्याच्या रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधाचा पंप, नकली पंप आणि नकली अॅक्युपंक्चर या तिन्हींनी रुग्णांना जवळपास सारखंच बरं वाटलं. रुग्ण किती जोरात श्वास सोडू शकतो ते मोजलं तेव्हा खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारणा दिसली, बाकी दोन्हींत ७ टक्क्यांच्या आसपास. काहीच उपचार न केलेल्यांतही तेवढीच. दुखणं, मळमळ, थकवा इथे प्लासिबोची चलती. गाठ काही त्याने विरघळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
आभार सगळ्यांचे. 'हातगुण' लेखात वापरीन, संमतीपत्रकात नको. उगाच डॉक्टरांची जाहिरात वाटेल. तिथे असं लिहितेय : 'तुम्हाला औषध मिळेल किंवा दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळेल. तिला प्लासिबो म्हणतात.'

प्रतिसाद
छान, साधं आहे. आणि स्पष्ट सांगितल्याने परिणाम पुसला जातोच असं नाही. २०१० साली आतड्याच्या विकाराच्या ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत गोळीत औषध नाही असं सांगूनच ती दिली, तरी ती घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला.

प्रतिसाद
जाता जाता : याच्या उलट 'नोसिबो', म्हणजे त्रास होईल या अपेक्षेनेच होणारा त्रास. त्याला?

मूळ प्रश्नकर्ती
'धसका'! आता पुढचं पान दुष्परिणामांच्या यादीचं आहे. ती पूर्ण द्यावीच लागणार, आणि वाचून निम्म्यांना मळमळायला लागेल की काय अशी मलाच धास्ती.