शब्दचर्चा : ‘सायकेडेलिक’ला मराठी शब्द हवा की नको?

कोनाडा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ गाणी ऐकण्यासाठी राखलेली असते. ज्याची पाळी असेल त्यानं गाणी निवडायची, दोन पानांचं टिपण वाचायचं आणि मग सगळ्यांनी ऐकायचं. या खेपेला माझी पाळी आहे. मी ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातला ‘उस मुतांचिस’ हा बँड घेतलाय. ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचे, नाट्यसंगीत आणि भावगीतांवर वाढलेले.

टिपणाच्या पहिल्याच वाक्यात अडलेय : “१९६६ मध्ये सुरू झालेला सायकेडेलिक पॉप बँड.” या ‘सायकेडेलिक’चं काय करू? तूर्त ‘भ्रमसंगीत’ लिहिलंय, पण मोठ्यानं वाचलं की टोचतं. भ्रम म्हणजे जे नाही ते दिसणं. या पोरांच्या गाण्यात जे आहे तेच ऐकू येतं, फक्त कधी नव्हे इतक्या जवळून.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी : आर्नाल्दो बाप्तिस्ता आणि सेर्जिओ दियास हे दोघे भाऊ आणि त्यांच्यासोबत रिता ली. भावांची आई क्लारिसे लेइते पियानो वाजवायची, स्वतः संगीतरचना करायची. थोरला भाऊ क्लाउदिओ सेझार बँडमध्ये नव्हता, पण गिटारी आणि आवाज बदलणारी यंत्रं घरच्या घरी तोच बनवून द्यायचा. रॉनी व्हॉन या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात जायच्या वेळी त्यांना हे नाव मिळालं, एका फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकादंबरीवरून. ‘मुतांचिस’ म्हणजे इंग्रजीतले ‘म्यूटंट’. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘उत्परिवर्ती’ म्हणतात. बँडचं नाव मी ‘उत्परिवर्ती’ असं मुळीच करणार नाहीये, ते तेवढं ठरलंय.

तिखटजाळ

एवढा विचार कशाला? त्या काळातलं हे सगळं एलएसडी या नशेच्या पदार्थाभोवती फिरत होतं. ‘नशीलं संगीत’ किंवा ‘गुंगीतली गाणी’ म्हणा, ऐकणाऱ्यांना चटकन कळेल.

कोनाडा

चटकन कळेल, पण चुकीचं कळेल. शब्दाचा जन्म कसा झाला ते सांगते. हंफ्री ऑझ्मंड हा इंग्रज मनोविकारतज्ज्ञ कॅनडात काम करत होता. १९५६ मध्ये त्यानं ऑल्डस हक्स्ली या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. दोघेही एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी नाव शोधत होते, हक्स्लीनं वेगळंच नाव सुचवलं होतं, पण टिकलं ते ऑझ्मंडचं. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ जीव किंवा मन, दुसऱ्याचा अर्थ उघड, स्पष्ट दिसणारं. म्हणजे मनातलं उघड करणारं. नशा, गुंगी, भ्रम यांतलं काहीच शब्दाच्या पोटात नाही. उलट त्यांची आधीची नावं वेडेपणाकडे बोट दाखवायची, ती नकोत म्हणून तर हा नवा शब्द घडवला.

बँडमध्ये अमली पदार्थ नव्हते असं मी म्हणत नाही. होते, आणि आर्नाल्दोनं त्याची फार मोठी किंमत मोजली. १९७३ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, आणि १९८१ संपता संपता मनोरुग्णालयाच्या खिडकीतून खाली पडून कोमात गेला. त्यातून तो वाचला, पुढे चित्रं काढू लागला, पुन्हा गायलाही. म्हणूनच ‘नशीलं’ हा शब्द मला नको. गझलेत तो गोड वाटतो, इथे नाही.

वाटसरू

मग ‘मनोप्रकाशक संगीत’? किंवा ‘चित्तोद्घाटक’? घडण अगदी शुद्ध आहे.

कोनाडा

शुद्ध आहे, पण तोंडात बसत नाही. ‘चित्तोद्घाटक’ ऐकून आमच्या वाचनालयातले काका विचारतील, उद्घाटन कोणाच्या हस्ते?

‘उघड’ या शब्दाभोवती मात्र मीही बरीच घुटमळले. मराठीत ‘मन उघडणं’, ‘मन उघडं करणं’ आणि ‘मन उघडं पाडणं’ यांत किती फरक आहे बघा. पहिल्यात मोकळेपणा, दुसऱ्यात विश्वास, तिसऱ्यात थेट फजिती. ग्रीक शब्दात बहुधा तिन्ही मावतात.

माडाखाली

कोनाडाताई, आधी उच्चाराचं. ‘उस मुतांचिस’ हा साओ पाउलोचा उच्चार झाला, तो बरोबर आहे. आमच्या म्हापशात पोर्तुगीज शाळेत शिकलेली जुनी माणसं लिस्बनच्या वळणानं बोलायची. त्यांच्या तोंडी शेवटचा ‘स’ ‘श’कडे झुकतो आणि ‘ते’चा ‘चि’ होत नाही. गोव्याकडचं कुणी ऐकायला आलं तर उगाच दुरुस्ती करेल, म्हणून सांगून ठेवतो.

दुसरं म्हणजे त्यांच्या त्या प्रसिद्ध गाण्याचं नाव, ‘पानिस एत सिर्सेन्सिस’. हे लॅटिन आहे. रोमन कवी जुवेनालनं म्हटलं होतं की लोकांना आता दोनच गोष्टी हव्यात, भाकरी आणि खेळ. आता तुम्ही ‘भाकरी आणि खेळ’ असं भाषांतर कराल. करू नका! लॅटिन ‘पानिस’चं पोर्तुगीजमध्ये ‘पाँव’ झालं आणि आपल्याकडे ‘पाव’. गाण्याच्या नावातला पहिला शब्द तुमच्या वडापावात आहे. आणि दुसऱ्याच्या मुळाशी ‘सर्कस’ आहे. ‘पाव आणि सर्कस’ म्हणा, दोन्ही शब्द मूळच्याच घरातले.

कोनाडा

माडाखाली, तुमचे किती आभार मानू! मी खरंच ‘भाकरी’ लिहिलं होतं.

जुवेनालच्या ओळीत तो शब्द कर्म म्हणून येतो, म्हणून तिथे ‘पानेम’ आहे. गाण्यात ‘पानिस’ आहे. आणि १९६८ मध्ये जिल्बेर्तो जिल, काएतानो व्हेलोझो, गाल कोस्ता, टॉम झे हे ब्राझीलचे गायक आणि हा बँड यांनी मिळून जी तबकडी काढली, तिच्या मुखपृष्ठावर तर दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंगही वेगळंच छापलंय. व्याकरणाच्या मास्तरांनी लाल शाई घ्यावी असं हे लॅटिन. पण पाव हातात घेताना तो कोणत्या विभक्तीत आहे ते कोण बघतं?

गाणं जिल आणि काएतानोचं. आशय असा की गाणारा काही अद्भुत घडवू पाहतोय, आणि जेवणघरातली माणसं जन्मण्यात आणि मरण्यात गुंतलेली आहेत. मध्येच आवाज खोल खोल जातो आणि गाणं थांबतं.

जुना रेडिओ

मी पस्तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले, म्हणून या थांबण्याबद्दल बोलतो. सेल उतरले की टेप कसा रडायला लागतो ते तुमच्या श्रोत्यांना माहीत आहे. तिथे ‘टेप रडतो’ हेच लिहा, दुसरा शब्द शोधू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात आपोआप यंत्राकडे गेला होता. मग गाणं पुन्हा उसळी मारतं, आणि शेवटी काटे-चमच्यांचा आवाज, जेवणाच्या टेबलावरची बोलणी आणि मागे स्ट्राउस या संगीतकाराचं ‘ब्लू डॅन्यूब’.

त्यांच्या गिटारीच्या आवाजाला इंग्रजीत ‘फझ’ म्हणतात. मांडववाले स्पीकरबद्दल बोलतात ते ‘आवाज फाटतोय’ तेच हे. आम्ही गिऱ्हाइकाचा फाटलेला आवाज सांधून द्यायचो, क्लाउदिओ सेझार मुद्दाम फाडून द्यायचा. ‘आ मिन्या मेनीना’ या गाण्याची सुरुवात ऐका, कापड टराटरा फाडावं तशी गिटार येते.

आणि एक गोष्ट टिपणात घालाच. पहिल्या तबकडीवर एक संथ फ्रेंच गाणं आहे. त्यात झांजेच्या जागी त्यांनी फ्लिटचा पंप वापरलाय. ढेकणांवर फवारायचा तो! दांडा ओढा-ढकलायचा आणि फुस्स, फुस्स. तुमच्या साठीपुढच्या श्रोत्यांनी लहानपणी तो पंप मारलेला आहे. तो आवाज ते लगेच ओळखतील.

माडाखाली

जुने रेडिओ, तुमच्या दुकानातली ‘फीत’सुद्धा पोर्तुगीजच. ‘फिता’ म्हणजे पट्टी, रिबन. ध्वनिफीत, चित्रफीत हे आपण सरकारी मराठी समजतो, पण त्यातला अर्धा शब्द जहाजातून उतरलाय. ब्राझीलमध्ये आजही टेपला ‘फिता’च म्हणतात. म्हणजे तो टेप रडतो तेव्हा दोन्हीकडे फीतच रडते.

तिखटजाळ

‘नशीलं’ मी मागे घेतो. पण मग मराठी शब्द नकोच असं म्हणायचंय का? इंग्रजी जसंच्या तसं उचलायचं, तर मराठीचं काय राहिलं?

कोनाडा

याच प्रश्नाशी हा बँड झगडला, म्हणून मी तो निवडला. दादा, जरा सविस्तर लिहिते.

जुलै १९६७ मध्ये साओ पाउलोत विजेच्या गिटारीविरुद्ध मोर्चा निघाला होता. ब्राझीलचं संगीत परक्यांपासून वाचवा, ही मागणी. त्या मोर्चात जिल्बेर्तो जिल स्वतः चालला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘टीव्ही रेकॉर्ड’ या वाहिनीच्या गीतस्पर्धेत तोच जिल या पोरांना गिटारींसकट मंचावर घेऊन आला. एका बाजूला बेरिंबाउ, म्हणजे धनुष्यासारखं आफ्रिकी मुळाचं वाद्य, दुसऱ्या बाजूला वाद्यवृंद आणि मध्ये विजेची गिटार. त्या गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते काएतानोसोबत विद्यापीठाच्या नाट्यगृहात उभे राहिले, तर विद्यार्थ्यांनी इतकी हुर्यो केली की शब्द ऐकू येईनात. प्रेक्षकांनी पाठ फिरवली. बँडनंही पाठ फिरवली, आणि वाजवणं चालू ठेवलं.

मोर्चातला माणूस तीन महिन्यांत असा कसा बदलला? त्यांच्याकडे या वृत्तीला नाव होतं. ओस्वाल्द दे आंद्रादे या कवीनं १९२८ मध्ये एक जाहीरनामा लिहिला होता. त्यातला मुख्य शब्द शब्दशः घेतला तर ‘नरभक्षण’. मुद्दा असा की परकं दारात अडवू नका, त्याची नक्कलही करू नका, ते खाऊन टाका म्हणजे तुमच्या अंगाचं होईल. ‘नरभक्षण’ लिहिलं तर आमचे श्रोते दचकतील. पण मराठीत ‘पचवणं’ आहे, ‘पचनी पडणं’ आहे. विचार आपल्या पचनी पडतो किंवा पडत नाही. मी तिथे ‘पचवणं’ लिहिणार आहे.

म्हणून दादा, ‘सायकेडेलिक’ उचलायचा नाहीये, पचवायचा आहे. चावी, पगार, परात, बटाटा पचले तसा. काजू आणि अननस तर मूळ ब्राझीलच्याच तुपी लोकांच्या भाषाकुळातले. पोर्तुगीजांनी ते तिथून आणले आणि आज कोकणी माणसाला काजू परका म्हणून दाखवा बघू!

याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ‘बाच माकुंबा’ हे गाणं. नावात बॅटमॅनचा ‘बॅट’ आहे आणि ‘माकुंबा’, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या ब्राझिली लोकांची पूजापद्धत. त्यात ‘ये-ये-ये’ही आहे. बीटल्सच्या ‘येऽ येऽ’वरून ब्राझीलमध्ये रॉक-पॉपला नावच ‘ये-ये-ये’ पडलं होतं. भाषांतर नाही, तळटीप नाही, ऐकलं आणि गिळलं. गाणं एकाच ओळीचं आहे. दर वेळी शेवटचं एक अक्षर गळतं, एकच उरतं, आणि मग एकेक परत येतं. आपल्या शब्दावर करून दाखवते :

पावबटाटा
पावबटा
पावब
पाव
पा
पाव
पावब
पावबटा
पावबटाटा

मोठ्यानं, टाळीवर म्हणा. तिसऱ्या खेपेला ‘पावब’ला अर्थ नाही हे विसरायला होतं, नुसता ताल उरतो. शब्द उघडा होत जातो आणि आत नाद सापडतो. सायकेडेलिक म्हणजे काय ते मी व्याख्येनं नाही, असं म्हणायला लावून सांगणार आहे.

वाटसरू

पटलं. ‘चित्तोद्घाटक’ मीही मागे घेतो. पण बँडचं पुढे काय झालं?

कोनाडा

थोडक्यात सांगते. १३ डिसेंबर १९६८ ला लष्करी राजवटीनं पाचवा संस्थात्मक अधिनियम आणला, नागरिकांचे हक्क गेले. दोनच आठवड्यांत जिल आणि काएतानो यांना अटक झाली, पुढच्या वर्षी ते लंडनला परागंदा झाले. हा बँड मायदेशीच राहिला. १९७० मध्ये पॅरिसला एक तबकडी ध्वनिमुद्रित केली, ती तीसएक वर्षं पडून राहिली. रिता १९७२ मध्ये बँडमधून बाहेर पडली. तिच्या सांगण्यानुसार तिला काढलं गेलं. सेर्जिओनं १९७८ पर्यंत नाव चालवलं. मग १९९३ मध्ये अमेरिकी रॉक गायक कर्ट कोबेन ब्राझीलला आला, आर्नाल्दोसाठी चिठ्ठी ठेवून गेला. १९९९ मध्ये डेव्हिड बर्न या संगीतकारानं त्यांच्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि २००६ मध्ये दोघे भाऊ लंडनच्या बार्बिकन सभागृहात पुन्हा एका मंचावर आले. रिता आली नाही. ती मे २०२३ मध्ये गेली. त्या रात्री मी तिचा आवाज ऐकत बसले होते, आणि हे टिपण लिहायचं तेव्हाच ठरलं.

आता शेवटची अडचण. १९७०च्या तबकडीवरचं ‘आंदु मेइउ देसलिगादु’. ‘देसलिगादु’ म्हणजे यंत्राचं बटण बंद केलेलं. माणसाबद्दल म्हटलं तर लक्ष नसलेला. ‘तारेत’ लिहू का?

जुना रेडिओ

‘तारेत’ नको, प्यायलेला वाटेल. तार तुटलीय, तर तुम्ही त्याला तारेत कसं म्हणता? ‘तंद्री’ घ्या. तंद्रीला नशा लागत नाही.

माडाखाली

‘आंदु’ म्हणजे चालतो, फिरतो. आपण म्हणतो ना, ‘हल्ली कसा वेड्यासारखा फिरतोय’, अगदी त्या अर्थानं. तेव्हा ‘हल्ली मी जरा तंद्रीतच फिरतोय’. गाणं प्रेमात पडलेल्याचं आहे. पुढच्या ओळीत पाय येतात, ते जपून करा. ‘पाय जमिनीवर नाहीत’ लिहिलंत तर गर्व होईल. ‘पाय जमिनीला लागत नाहीत’ लिहा.