ग्राफिक डिझायनरांच्या संघटना दरपत्रक का काढत नाहीत? मग सभासदत्व कशासाठी घ्यायचं?

मांडणीकार

लोगो, पॅकेजिंग, पुस्तकांची मुखपृष्ठं अशी कामं स्वतंत्रपणे करणारा डिझायनर. निम्मे क्लायंट पुणे-नाशिककडचे, निम्मे अमेरिका-जर्मनीतले. अशा माणसाने कुठल्या संघटनेचं सभासद व्हावं? एआयजीए (अमेरिका), आरजीडी (कॅनडा), सीएसडी (ब्रिटन), आयको-डी (आंतरराष्ट्रीय), एडीआय (भारत) ही नावं सतत दिसतात, पण नेमकं कोण काय करतं ते त्यांच्या माहितीपत्रकांतून उलगडत नाही. दुसरं म्हणजे, लोगोला किमान किती घ्यायचे याचं दरपत्रक यांच्यापैकी कुणीच का लावत नाही? आणि क्लायंटने पैसे थकवले तर संघटना मध्ये पडते का?

रेघ_आणि_रंग

आधी दरपत्रकाचं बघू, बाकीचं त्यातूनच कळतं.

स्वतंत्र डिझायनर कायद्याच्या लेखी कामगार नसतो, तो एक छोटा व्यवसाय असतो. कामगारांनी एकत्र येऊन पगार मागितला तर ती युनियन. दोन व्यावसायिकांनी एकत्र बसून भाव ठरवला तर ते संगनमत. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा याच्या आड येतो. तिथल्या इंजिनिअरांच्या एका राष्ट्रीय संस्थेने आचारसंहितेतच लिहून ठेवलं होतं की सभासदांनी दरांची स्पर्धा करू नये. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. 'दर पडले की कामाचा दर्जा आणि लोकांची सुरक्षितता धोक्यात येते' हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. पुलांच्या बाबतीत जो बचाव टिकला नाही तो लोगोच्या बाबतीत टिकणं अवघडच.

भारतातही तीच अडचण आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(३) नुसार एकाच धंद्यातल्या लोकांनी किंवा त्यांच्या संघटनेने थेट वा आडवळणाने किंमत ठरवली, तर त्याचा स्पर्धेवर विपरीत परिणाम होतो असं गृहीतच धरलं जातं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी संघटनेवर येते. 'लोगोचा किमान दर इतका' असा फलक लावणं कुठल्याही संघटनेला म्हणूनच परवडत नाही.

यातून काढलेली वाट म्हणजे पाहणी. ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना १९६७ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली, मोटार कंपन्यांच्या जाहिरातींसाठी चित्रं काढणाऱ्यांमधून. तिच्या हँडबुकात दर छापलेले असतात, पण ते 'सभासदांनी प्रत्यक्षात एवढे घेतले' अशा स्वरूपात, किमान ते कमाल पट्ट्यात. ते आकडे डॉलरच्या भावाने गुणून इथल्या कोटेशनमध्ये घालू नका, उपयोग होणार नाही. त्या पुस्तकात बघायचं ते किंमत कशाने वाढते: वापर कुठे, किती काळ, किती प्रतींवर, एकाच क्लायंटला की अनेकांना. ही विभागणी डोक्यात बसली की कोटेशनमध्ये एकच ठोक आकडा लिहायची सवय सुटते.

बर्लिनवाट

वरचं सगळं बरोबर, पण जर्मनीने यातून मार्ग काढला आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमचे काही परदेशी क्लायंट तिकडचे आहेत.

तिथल्या सामूहिक करार कायद्यात १२अ नावाचं कलम आहे. जो माणूस नोकरीत नाही पण आर्थिकदृष्ट्या एखाद्या देणाऱ्यावर अवलंबून आहे, त्याला ते कलम 'नोकरासारखा' मानतं. एरवी निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाकडून यावं लागतं. कलावंत, लेखक, पत्रकार यांच्यासाठी एक तृतीयांश पुरतं. याच आधारावर आलियान्झ डॉइचर डिझायनर, म्हणजे एजीडी, या संघटनेने स्वतंत्र डिझाइन स्टुडिओंच्या संघटनेशी मोबदल्याचा रीतसर सामूहिक करार केला आणि तो वेळोवेळी नव्याने छापला जातो.

त्याची बांधणी अशी: कामाला लागणारे तास गुणिले तासाचा दर, ही झाली रचनेची किंमत. मग वापराच्या हक्काची किंमत वेगळी. हक्क एकट्याला की सामायिक, कुठल्या भूभागात, किती वर्षं, किती प्रमाणात, या चार बाबींना एकेक गुणांक असतो. चारही गुणांकांची बेरीज करून ती रचनेच्या किमतीला लावायची. समजण्यापुरते आकडे घेतो, करारातले नव्हेत: रचनेची किंमत १,००० युरो आणि चार गुणांकांची बेरीज १.२ आली, तर वापराचे १,२०० युरो आणि एकूण २,२००. तोच लोगो एका शहरातल्या एका बेकरीसाठी एका वर्षापुरता असेल तर बेरीज खूप खाली येते. क्लायंटला 'महाग का' याचं उत्तर त्यामुळे त्याच्याच गरजेतून देता येतं. हा करार सगळ्या क्लायंटवर आपोआप बंधनकारक नाही, तरी वाटाघाटीत संदर्भ म्हणून पुढे ठेवता येतो.

याला आधार तिथल्या लेखकाधिकार कायद्याचा आहे. जर्मनीत कॉपीराइट विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात, आणि कलम ३२ प्रमाणे 'वाजवी मोबदला' मागण्याचा हक्क निर्मात्याला आहे. म्हणून जर्मन क्लायंटच्या करारात 'मालकी हस्तांतर' असं वाक्य सहसा सापडणार नाही, तिथे 'एकट्याला, कालमर्यादेविना, जगभर वापराचा हक्क' अशी शब्दरचना असते. तिची किंमत वेगळी लावायची असते. आपल्याकडचे बरेच जण ती ओळ वाचून सोडून देतात आणि सगळ्यात मोठी रक्कम तिथेच जाते.

तिथेच राहून काम करायचं असेल तर क्युन्स्टलरसोझियालकासे, म्हणजे कलावंतांचा सामाजिक विमा, बघा. १९८३ पासून चालू आहे. स्वतंत्र कलावंत आरोग्य आणि पेन्शनचा निम्मा हप्ता भरतो. उरलेला निम्मा सरकार आणि काम देणाऱ्या कंपन्या मिळून उचलतात. कंपन्यांना त्यासाठी दिलेल्या मोबदल्यावर अधिभार भरावा लागतो, २०२४ मध्ये तो ५ टक्के होता. वर्षाला ३,९०० युरोपेक्षा जास्त कमाई हवी. भारतात बसून काम करणाऱ्याला हा विमा मिळत नाही.

मांडणीकार

हे फार उपयोगी आहे. म्हणजे सभासदत्वाचा मुख्य उपयोग दरासाठी नाही, करारासाठी आणि हक्कांसाठी. मग नावापुढे अक्षरं लावता येतात त्या संस्थांचं काय? त्याने क्लायंट मिळतात का?

कॅनडाकर_जोशी

त्यात फरक आहे, सगळ्यांना एका रांगेत बसवू नका.

नावापुढच्या अक्षरांना कायद्याचं पाठबळ हवं असेल तर कॅनडातला ओंटारियो प्रांत. तिथल्या विधिमंडळाने १९९६ मध्ये खास कायदा करून आरजीडीला 'नोंदणीकृत ग्राफिक डिझायनर' ही पदवी देण्याचा अधिकार दिला. पण हे नीट समजून घ्या: संरक्षण पदवीला आहे, धंद्याला नाही. ओंटारियोत नोंदणीशिवाय कुणीही लोगो करू शकतो, फक्त ती अक्षरं नावापुढे लावू शकत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हा शब्द राखला गेला आहे. ग्राफिक डिझायनर या शब्दाला भारतात तसं काही नाही. ओंटारियोत स्थलांतर करणाऱ्यांना नोकरीच्या अर्जात ही अक्षरं कामाला येतात. सांगलीत बसून घेण्यात मतलब नाही.

ब्रिटनमधली सीएसडी १९३० ची, सुरुवातीचं नाव सोसायटी ऑफ इंडस्ट्रियल आर्टिस्ट्स. १९७६ मध्ये राजसनद मिळाली. पोर्टफोलिओ तपासून सभासद करतात आणि भारतातूनही अर्ज करता येतो. ब्रिटिश संस्थांच्या निविदांमध्ये व्यावसायिक सभासदत्व विचारतात तिथे कामाची. घरगुती ब्रँडच्या मालकाला ती अक्षरं माहीत नसतात.

आयको-डीचं म्हणाल तर त्यात व्यक्ती म्हणून सभासद होताच येत नाही. १९६३ मध्ये लंडनला इकोग्राडा म्हणून स्थापना झाली, तिचे सभासद म्हणजे देशोदेशीच्या संघटना आणि शिक्षणसंस्था. स्थापनेचा २७ एप्रिल हा दिवस डिझाइन दिन म्हणून पाळतात तो म्हणूनच. स्पर्धा कशा घ्याव्यात, बिनमोबदला कामं का करू नयेत याची त्यांची धोरणं मात्र सगळ्यांना वाचायला खुली आहेत. आलियान्स ग्राफिक इंटरनॅशनल या निवडक डिझायनरांच्या मंडळात अर्ज करून जाता येत नाही, निवड आतले सभासद करतात. लंडनची डी अँड एडी (१९६२) पेन्सिल पुरस्कारांसाठी आहे, कराराच्या भांडणासाठी नाही. जपानी ग्राफिक डिझायनरांची टोकियोतली संघटना जागदा १९७८ ची, पहिले अध्यक्ष युसाकू कामेकुरा. तिचं वार्षिक पुस्तक बघायलाच हवं, सभासद नसलात तरी.

तुमच्या कामात अमेरिकन क्लायंट असतील तर एआयजीएचा नमुना करार उतरवून घ्या. मूळ अटी, बौद्धिक संपदेचं परिशिष्ट, मग छपाई, इंटरॅक्टिव्ह आणि जागेतल्या डिझाइनसाठी वेगळ्या पुरवण्या. लागेल तेवढीच पुरवणी जोडायची. तो अमेरिकन कायद्यावर बेतलेला आहे, जसाच्या तसा पुण्याच्या क्लायंटला देऊ नका.

कलम_आणि_कागद

शेवटच्या वाक्याला धरून, इथल्या क्लायंटसाठी काय बदलायचं ते सांगतो. मुंबईत १९४८ पासून कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड आहे (आताचं नाव कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड), आणि देशपातळीवर एडीआय. दोन्हींकडे ओळखी होतात, कार्यक्रम होतात, तरुणांनी जरूर जावं. पण थकलेली रक्कम मिळवायचं हत्यार संघटनेकडे नसून दोन कायद्यांत आहे.

पहिला कॉपीराइट कायदा, १९५७. कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. 'व्हॉट्सॲपवर ओके म्हणाले' याला हस्तांतर म्हणत नाहीत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे निर्यात करणाऱ्या मसाला कंपनीला पॅकेजिंग देताना प्रदेश लिहायला दोघंही विसरले, तर दुबईच्या खेपेवर हक्काचा प्रश्न उभा राहतो. कलम १७(ब) कडेही लक्ष द्या: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट अशा काही प्रकारांत करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा असतो. लोगोचं रेखाटन त्यात बसतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा करारात एक ओळ घाला: पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील. अमेरिकन करारातला 'वर्क फॉर हायर' (काम करून घेणाराच मूळ मालक) हा शब्द इथे तसाच लागू होत नाही, म्हणून ते खाली हस्तांतराचं कलमही जोडतात. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

दुसरा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमई कायदा, २००६. त्यासाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅन लागतो, आणि एकटा डिझायनर सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. काम सुरू होण्याआधी नोंदणी करा, नंतरच्या नोंदणीवर आधीच्या बिलांचा दावा अडतो. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते दिल्याच्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. करार नसेल तर त्या दिवसापासून १५ दिवसांत पैसे, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन. शिवाय प्राप्तिकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(एच)) २०२४-२५ च्या आकारणीपासून अशी थकलेली रक्कम देईपर्यंत क्लायंटला खर्चात दाखवता येत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापली की मार्चमध्ये अकाउंट्स विभाग स्वतः फोन करतो. परदेशी क्लायंटवर यातलं काही चालत नाही, तिथे ५० टक्के ॲडव्हान्स हाच उपाय.

मांडणीकार

शेवटचा प्रश्न. इथले क्लायंट आणि प्रेसवाले सर्रास ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागतात. ती द्यायची की नाही?

रेघ_आणि_रंग

करारात 'काय मिळेल' अशी ओळ असली की हा प्रश्न येत नाही. छपाईसाठी अक्षरांचे कर्व्ह केलेली (अक्षरं फाँटऐवजी आकार म्हणून साठवलेली) पीडीएफ, लोगोसाठी एक वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), एवढं मूळ रकमेत. संपादन करता येणारी कोरल किंवा इलस्ट्रेटर फाइल वेगळ्या रकमेत, कोटेशनमध्येच आकडा लिहून. काम संपल्यावर ती रक्कम सांगितली की क्लायंटला अडवल्यासारखं वाटतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

आणि ओपन फाइलसोबत फाँट कधीही पाठवू नका. विकत घेतलेल्या देवनागरी फाँटचा परवाना तुमच्या नावावर असतो, तो दुसऱ्याला देण्याचा हक्क त्यात सहसा नसतो. करारात फाँटचं नाव लिहा आणि 'परवाना क्लायंटने स्वतः घ्यावा' असं जोडा. प्रेसवाला फाँट नाही म्हणून दुसरा लावून छापतो, त्यात जोडाक्षरं तुटतात आणि रफार भलतीकडे जातो. त्यासाठी कर्व्ह केलेली प्रत सोबत द्या आणि छपाई त्याच प्रतीवरून करावी असं मेलमध्ये लेखी कळवा.