आजोबांच्या बोलण्यातले होडी, पडाव, मचवा, गलबत : नेमका फरक काय?

देवगडची_पुण्यात

नमस्कार मंडळी, लेक चौथीत आहे, शाळेतून प्रोजेक्ट दिलंय, 'बोटींचे प्रकार आणि उपयोग', दहा चित्रं काढायची आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच, यॉट, क्रूझ, कयाक, गोंडोला. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात, घरासमोर खाडी, आणि लेकीने गोंडोला काढायचा हे मला काही पटेना. म्हणून आजोबांना फोन केला (वय ९१, गावीच असतात), तर ते म्हणाले बोट एकच, मुंबईला जायची ती, बाकीच्या होड्या, पडाव, मचवे, गलबतं. पुढचं काही विचारता आलं नाही, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. ह्या सगळ्यात फरक काय, कोणती कशासाठी वापरायचे, कुणी नीट सांगेल का? दिवाळीत गावी जाऊ तेव्हा विचारूच पण प्रोजेक्ट सोमवारी द्यायचंय.

खाडीकाठ

ताई, आजोबा अगदी बरोबर बोलले. आमच्याकडे जुनी माणसं बोट म्हणजे आगबोट, स्टीमरच म्हणतात, होडीला कोणी बोट म्हणत नाही. मुंबईहून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. आपल्याकडची बरीच बंदरं उथळ, त्यामुळे स्टीमर धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळं पडावातून न्यायचे. पडाव म्हणजे रुंद पोटाची, उघडी, वल्ह्यांनी चालवायची मोठी होडी. समुद्र हलता असला की पडाव वरखाली होतोय, शिडी भलतीकडेच, आणि तान्ही मुलं हातोहात वर द्यायची. माझी आजी हे सांगताना अजून हात पुढे करून दाखवते. 'बोट लागली' हा शब्दही तिथलाच.

मचवा त्याहून वेगळा, त्याला शीड असतं, पुढची नाळ (म्हणजे होडीचं पुढचं टोक) तिरकी पुढे आलेली, माल नि माणसं घेऊन खाडीतून किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा. गलबत त्याहून मोठं, लांब पल्ल्याचं. तुमच्या गावातल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौलं बघा, त्यातली कितीतरी गलबतांतून आलेली आहेत, तेव्हा घाटातून ट्रक कुठे होते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारनंतर समुद्राकडचा वारा धरून आत यायचं, सगळं वेळापत्रक वाऱ्याचं.

आणि उलांडी नक्की काढायला सांगा लेकीला. अरुंद होडी, तिला एका बाजूला दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. त्या ओंडक्यालाच उलांडी म्हणतात. होडी अरुंद म्हणून वल्हवायला हलकी आणि उलांडीमुळे लाटेत कलंडत नाही. इतकी हुशारीची गोष्ट आपल्या दारात आहे आणि मुलं गोंडोला काढतात, वाईट वाटतं खरंच.

दर्यावर्दी_७

खाडीकाठ, छान लिहिलंय, फक्त गलबताबद्दल थोडी भर घालतो कारण इथे गोंधळ होतो. व्यापारात गलबत म्हटलं की मोठं शिडाचं तारू डोळ्यासमोर येतं, पण मराठा आरमारात गलबत हे लहान आणि चपळ, मोठी ती गुराब. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास अशी दिली आहे, गलबत सहसा ७० टनांच्या आतलं. गुराबेची खुबी म्हणजे तिची नाळ, पुढे लांब टोकदार निघालेली, आणि तिच्या मागे दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. गलबतांना शिडं होतीच पण शिवाय ४०-५० वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी उभं राहायचं, आणि नेमकी तेव्हा ही गलबतं वल्ही मारत गुराबांना दोराने ओढत त्याच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवायची, जिथे त्याच्या फारशा तोफा नसत. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तोपर्यंत परक्या कंपन्यांना ह्या किनाऱ्यावर सुखाने जाता आलं नाही त्यात ह्या दोन जहाजांच्या जोडीचा मोठा हात आहे. मालाचं मोठं जहाज ते शिबाड.

तुमचं गाव देवगडकडचं आहे तर लेकीला दिवाळीत गिर्येला नक्की न्या. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत आरमाराची गोदी आहे, भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ दुरुस्त करायचा. किल्ला बघून लोक परत फिरतात, गोदीकडे कोणी जात नाही.

देवगडची_पुण्यात

बापरे, गिर्ये आमच्यापासून किती जवळ आणि मला गोदीचं माहीतच नव्हतं!! खूप खूप आभार दोघांचे. आता मासेमारीच्या बोटींचं पण सांगा ना कुणी, तिने एक ट्रॉलर काढलाय आणि खाली 'मासे पकडण्यासाठी' एवढंच लिहिलंय, बाई परत पाठवतील.

रापणकर

मी मालवणकडचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. ताई, 'मासे पकडण्यासाठी' लिहून चालणार नाही कारण जाळं बदललं की होडी बदलते.

रापणीची होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत अर्धा गोल मारून परत किनाऱ्याला येते, मग दोन्ही टोकं वाळूत उभी राहून माणसं ओढतात, म्हातारे पोरं सगळे, आणि मासळीचे वाटे पडतात. होडीचं काम तासाभराचं पण तिला लाटा फोडून वाळूवर यावं लागतं म्हणून बांधणी तशी. वर रायगड, मुंबई, पालघरकडे कोळी डोल लावतात, ते पिशवीसारखं जाळं समुद्रात खुंटांना बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा आपोआप आत येतो, बोट फक्त जाळं उपसायला जाते. गिलनेटवाल्याची बोट पाण्यात जाळ्याची भिंत उभी करते, मासा कल्ल्यात अडकतो. ट्रॉलर मात्र इंजिनाच्या जोरावर जाळं तळावरून खेचत नेतो, जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना जड फळ्या, मागे जाळं ओढून घ्यायचा विंच, पोटात बर्फाचा कप्पा, कारण दिवसेंदिवस बाहेर राहायचं असतं. आणि पर्ससीन म्हणजे बांगड्याच्या नाहीतर तारलीच्या अख्ख्या थव्याला गोल वेढा घालून खालून बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं आवळायचं.

हे शेवटचं लिहिताना माझा हात जड होतो. २०१६ च्या आदेशाने राज्याच्या समुद्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिलेत, आणि एलईडी लावून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी आम्हाला रात्री किनाऱ्यावरून उजेड दिसतो. सकाळी रापण ओढली की अर्धी टोपली पण भरत नाही. चौथीच्या मुलीला हे सगळं सांगू नका, पण ट्रॉलरच्या शेजारी रापणीची होडी काढायला सांगा.

आणखी एक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी शाकारतात. तेही चित्र छान होईल.

मांडवा_ते_भाऊचा_धक्का

आमच्या अलिबागकडची एक घ्या, रो-रो. १५ मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा सुरू झाली, गाड्या सरळ पोटात जातात, तासाभरात पलीकडे. गेटवेच्या लाकडी लाँचा पावसाळ्यात बंद असतात, ही मोठी असल्याने तेव्हाही चालते. ह्याच पट्ट्यात १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या आळीत दोन घरांत अजून त्या दिवशी गोड करत नाहीत. म्हणून मला बोटीचा आकार आणि पावसाळा ह्यांचा हिशोब फार महत्त्वाचा वाटतो. दाभोळ-धोपावेची फेरीबोट (२००३ पासून) लहान, सपाट तळाची आणि पुढचं तोंडच खाली पडून रस्ता होतो, खाडीत तेवढं पुरतं, चिपळूणचा वळसा वाचतो. जागा उरली तर गोव्यातला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, मांडवी-जुवारीतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणारा.

खाडीकाठ

सांगड राहिलीच की! दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, जड सामान खाडीपार न्यायला. 'सांगड घालणे' आपण रोज बोलतो ते तिथूनच आलं.

देवगडची_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. दहाच्या दहा आपल्याच झाल्या : उलांडीची होडी, पडाव, मचवा, गलबत, गुराब, सांगड, रापणीची होडी, ट्रॉलर, रो-रो, बार्ज. उलांडी तिने आधी दोन्ही बाजूंना काढली होती, खाडीकाठ यांचं वाचून एक खोडली. काल बाबांनी गावी शेजाऱ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून दिला आणि पडावाचं चित्र आजोबांना दाखवलं. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, माणसं कमी काढलीस, अजून काढ. आता ती डोकी काढत बसलीये, सतरा झालीत.