शीडबोटीचा अ‍ॅनोड फार लवकर झिजतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची ३० फुटी फायबरची शीडबोट मुंबई बंदरात बोयाला बांधलेली असते. प्रॉपेलरच्या शाफ्टवरचा जस्ताचा अ‍ॅनोड (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) एरवी पावसाळ्याआधी बोट वर काढेपर्यंत सहज पुरतो. यंदा दिवाळीनंतर नवा लावला आणि होळीला पाणबुड्याने पाहिलं तर नखाएवढा तुकडा उरलेला! प्रॉपेलरच्या पात्यांच्या कडांना गुलाबीसर डागही पडलेत, म्हणजे मिश्रधातूतलं जस्त जायला लागलंय. खरी काळजी त्याचीच.

किनाऱ्यावरची वीज आम्ही घेतच नाही, त्यामुळे त्या विजेच्या तारेतून जोडल्या जाणाऱ्या शेजारच्या बोटीवर खापर फोडता येत नाही. माझा संशय बिल्ज पंपावर, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर. मेन स्विच बंद केला तरी तो थेट बॅटरीवर चालतो आणि त्याच्या वायरचा जोड कायम ओला असतो.

विजेची गळती नक्की कुठे आहे ते मल्टिमीटरने कसं शोधायचं? सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (पाण्यातल्या धातूचं व्होल्टेज मोजायला लागतो तो) मुंबईत कुठे मिळतो? आणि तोवर केबलला बांधून एक जादा अ‍ॅनोड पाण्यात सोडला तर चालेल का? रंगारी म्हणतो, अ‍ॅनोडलाही अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) मारा. ते मात्र मी करणार नाही, रंग लावला की त्याचं कामच थांबतं.