सिंगापूर क्रूझ संपल्यावर बडोद्याला परतीचं विमान किती वाजताचं घ्यावं?

मांजलपूरची_सून
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालोय: सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. जहाज पेनांग, फुकेत करून शुक्रवारी सकाळी सात वाजता परत सिंगापूरला लागतं. क्रूझचं बुकिंग झालंय, जायची तिकिटंही झालीत. परतीच्या तिकिटांवर मात्र घोडं अडलंय.

एजंटने तीन पर्याय दिलेत. एक, त्याच सकाळी १०.३० चं विमान घेऊन दुपारी दीडच्या सुमाराला मुंबई आणि तिथून पाचच्या विमानाने बडोदा, पण हे दुसरं तिकीट वेगळं. हाच पर्याय सगळ्यात स्वस्त आहे. दोन, संध्याकाळचं थेट अहमदाबादचं विमान, रात्री उशिरा उतरून गाडीने घरी. तीन, सिंगापूरला एक रात्र राहून शनिवारी निघायचं.

"सातला जहाज लागतं म्हणजे साडेदहाचं आरामात मिळेल," असं एजंट सांगतो. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही. कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. सोमवारपर्यंत पैसे भरायचे आहेत.

हरणीकर
ताई, पहिला पर्याय अजिबात घेऊ नका. मी तिकिटांचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सात ही जहाज धक्क्याला लागायची वेळ. त्यानंतर दोर बांधतात, शिडी लागते, बंदराच्या अधिकाऱ्यांकडून जहाजाला मंजुरी मिळते आणि मग पहिला प्रवासी खाली उतरतो. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार माणसं असतात. त्यांना सामानाच्या टॅगच्या रंगाप्रमाणे किंवा नंबराप्रमाणे गटागटाने सोडतात. आदल्या रात्री तुम्ही बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवता, त्या थेट टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळतात. तुमचा गट पुकारला की उतरा, इमिग्रेशन करा, बॅगा शोधा, कस्टममधून बाहेर या. शेवटचे गट बाहेर पडेपर्यंत साडेनऊ-दहा सहज वाजतात.

आता साडेदहाच्या विमानापासून मागे हिशेब करा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेनऊ. सहा माणसं आणि व्हीलचेअर असताना विमानतळावर साडेआठच्या आत पोचायला हवं. मरीना बेच्या टर्मिनलवरून चांगी विमानतळावर टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात, शिवाय टॅक्सीची रांग. म्हणजे पावणेआठला तुम्ही सामानासकट रस्त्यावर हवेत. जहाज मिनिटभरही उशीर न करता लागलं तरी हे बसत नाही. दाट धुकं, आधीचं जहाज धक्क्यावर असणं, कोणी प्रवासी अचानक आजारी पडणं, यातलं काहीही झालं तरी तास-दोन तास जातात आणि त्याची भरपाई विमान कंपनी देत नाही.

माझा नियम असा: विमानतळ जवळ असेल तर दुपारी बारा-साडेबाराच्या आधीचं विमान बघायचंच नाही. सोबत वयस्कर माणसं असतील तर दोन-तीनच्या पुढचं.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या तिकिटाची. आपल्या बडोद्याच्या लोकांचं घोडं जहाजावर पेंड खात नाही, ते मुंबईत खातं. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असली की पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसऱ्या कंपनीशी त्याचा काही संबंध राहत नाही. तुम्ही तिथे नो-शो, म्हणजे आलाच नाहीत अशी नोंद. सहाही तिकिटांचे पैसे बुडाले आणि त्या रात्री बडोद्याला दुसरं विमान असेलच असं नाही, कारण आपल्या बडोद्याच्या हरणी विमानतळाला मुंबईहून येणारी विमानं मोजकीच. मुंबईत पहिल्यांदा भारतात उतरता, त्यामुळे इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम तिथेच. मग देशांतर्गत विमान टर्मिनल एकवरून असेल तर सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलहून सांताक्रूझच्या बाजूला रस्त्याने जायचं. आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय. तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचू नका, कुठला विमानतळ ते बघा. सहारला उतरून नवी मुंबईतल्या उलव्याहून पुढचं विमान पकडायचं झालं तर पाचच काय, सातचंही कठीण.

आणि सामान. परदेशी प्रवासाच्या तिकिटावर पंचवीस-तीस किलो मिळत असेल, पण सुटं देशांतर्गत तिकीट घेतलं की माणशी साधारण १५ किलो. जादा सामानाचे पैसे तिथल्या तिथे भरावे लागतात. स्वस्त पर्यायात हा खर्च मिळवून बघा, म्हणजे तो किती स्वस्त उरतो ते कळेल.

सुरसागर_काठ
हरणीकरांचं सगळं पटतं, पण एक वेगळं मत नोंदवतो. बरेच लोक घाबरून एक रात्र हॉटेलात काढतात. सिंगापूरमध्ये सहा माणसांना दोन खोल्या म्हणजे मोठा खर्च. त्याऐवजी स्वतः सामान घेऊन उतरायची सोय असते ती घ्या. बॅगा बाहेर ठेवायच्या नाहीत, आपल्या आपण ओढत न्यायच्या. या लोकांना सगळ्यात आधी सोडतात. तरुण जोडपं असेल तर बाराचं विमान आरामात मिळतं.

मांजलपूरची_सून
@सुरसागर_काठ, सहा जणांच्या आठ बॅगा होतील. मुलं स्वतःची ओढतील, पण सासूबाईंना हात धरून न्यावं लागतं. जमेल का हे?

कारेलीबाग_मावशी
नाही गं, जमवायला जाऊ नकोस. स्वतः सामान नेणाऱ्यांची रांग जिन्यांवर आणि लिफ्टपाशी पहाटेपासून लागते. लिफ्ट भरून येतात, उभं राहायला लागतं. तुझ्या सासूबाईंना तेच नकोय ना?

मी नोकरीची बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये नर्स होते, म्हणून औषधांचं आधी सांगते. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन हे सगळं हातातल्या पिशवीत. आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या बॅगेत यातलं काही जायला नको, कारण ती बॅग पुन्हा हातात येईपर्यंत रात्र उलटून सकाळ झालेली असते. विमानातही चेक-इनच्या सामानात इन्सुलिन टाकायचं नाही, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. केबिनच्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवलंस तर दारावर आतून चिठ्ठी चिकटव. शेवटच्या सकाळी आठच्या सुमाराला केबिन सोडायला सांगतात, त्या धावपळीत फ्रीज कोणी उघडून बघत नाही.

दुसरं म्हणजे खाण्याच्या वेळा. सासऱ्यांनी सकाळचं इन्सुलिन घेतलं की त्यांचा नाश्ता झालाच पाहिजे. शेवटच्या दिवशी बुफेला खूप गर्दी असते. साडेसहालाच त्यांना घेऊन जा. पुढे रांगांत किती वेळ जाईल ते हातात नसतं, म्हणून बिस्किटं, थेपले आणि साखरेच्या पुड्या जवळ ठेव. घड्याळ सिंगापूरला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं आणि फुकेतला दीड तास, त्यामुळे डोसच्या वेळा जायच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घे.

व्हीलचेअर दोन ठिकाणी वेगवेगळी मागायची. जहाजाच्या कंपनीकडे आधीच फॉर्म भरून द्यायचा, म्हणजे उतरताना वेगळा गट आणि मदतनीस मिळतो. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळत नाही. सासूबाई "मला नको, मी चालेन" म्हणतील. तरी मागच.

अलकापुरी७
बोटीवरून उतरताना टॅक्सीचं ध्यानात ठेवा. साध्या टॅक्सीत चार जण बसतात. तुम्ही सहा, आठ बॅगा. मोठी मॅक्सी कॅब आधी सांगून ठेवा. आणि सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. गाडीवाल्याला बरोबर नाव द्या.

रावपुरा_टॉवर
व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. सहाही जणांचा तपासा, मुलांचासुद्धा.

एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, तोसुद्धा दोन वेळा. हे उतरायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरता येतं. तुमची क्रूझ चार रात्रींची, त्यामुळे घरून निघताना दोन्ही भरून टाकू म्हटलं तर जमणार नाही. दुसरं कार्ड बुधवारपासून पुढे, म्हणजे वाटेतच भरावं लागेल. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं. बंदरावर फोनला रेंज असताना भरून घ्या. सरकारी संकेतस्थळावर हे फुकट आहे, पैसे मागणारी पानं दिसली तर बंद करा.

पासपोर्ट बहुतेक वेळा जहाजावर जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. कधी, कुठे ते चढतानाच विचारा. शेवटच्या रात्री जहाजावरचं बिलही बघून घ्या. चुकीची रक्कम लागली असेल तर रात्रीच काउंटरवर जा, सकाळी तिथे मोठी रांग असते.

दांडियाबाजारकर
मुंबईमार्गेच यायचं झालं तर दुसरं विमान घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. रेल्वे घ्या. सहारहून बोरिवली स्टेशन टॅक्सीच्या अंतरावर आहे आणि बडोद्याच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, मुंबई सेंट्रलपर्यंत उलटं जायची गरज नाही. दुपारी चारच्या सुमाराला मुंबई सेंट्रलहून सुटणारी वंदे भारत रात्री आठच्या आसपास बडोद्याला सोडते, फक्त आठवड्यातला एक दिवस नसते. ती चुकली तर रात्रीची गुजरात मेल आहे. विमान चुकलं की त्या दिवसाचा विषय संपतो, मुंबई-बडोदा रेल्वेला मागून दुसरी गाडी असतेच. दिवाळीत आरक्षण मिळणं अवघड, तेवढं साठ दिवस आधी उघडलं की लगेच करा.

सुरसागर_काठ
हे मात्र खरं. वयस्कर माणसं असताना माझा बाराच्या विमानाचा सल्ला मागे घेतो.

पॅलेस_रोड
थोडं विषयाबाहेरचं, पण युरोपच्या क्रूझचा विचार करणाऱ्यांनी हा धागा वाचला तर उपयोगी पडेल. तिथे जाहिरातीत "रोम" लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, रोम शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. "लंडन" म्हणतात ते साउथहॅम्प्टन, हीथ्रोपासून शंभर किलोमीटरच्या पुढे. तिथे दुपारी बाराचा नियम लावू नका, तीन-चारच्या पुढचंच विमान घ्या किंवा एक रात्र राहा. बार्सिलोनाला विमानतळ बंदराच्या जवळ आहे, तिथे सिंगापूरसारखाच हिशेब चालतो. आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासाने बदलतात. तो रविवार प्रवासात येत असेल तर जहाजाचं घड्याळ बघूनच गजर लावा.

मांजलपूरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी घरी सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला. दुसरा पर्याय घ्यायचं ठरलंय, थेट अहमदाबाद. एकच तिकीट, मुंबई नाही, बॅगा एकदाच. सासरे म्हणाले की हॉटेलपेक्षा रात्री उशिरा का होईना, घरची गादी बरी.

आता दोन शंका. जहाजावरून नऊ-साडेनऊला बाहेर पडलो तर संध्याकाळपर्यंत यांना कुठे बसवू? आणि रात्री अहमदाबादहून बडोद्याला येणं ठीक आहे ना?

हरणीकर
उत्तम निर्णय. थेट विमान आहे म्हणून त्यातले तीन-चारशे रुपये इकडेतिकडे बघू नका.

दिवस काढायला सरळ चांगीला जा. काही कंपन्या सामान बरेच तास आधी घेतात, तुमच्या कंपनीची वेळ आत्ताच विचारून ठेवा. बॅगा गेल्या की मोकळे. नाही घेतल्या तर विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे. शेजारच्या ज्वेल मॉलमध्ये तासांवर खोली देणारं हॉटेल आहे. सासू-सासऱ्यांसाठी तिथे चार-पाच तासांची एक खोली घ्या, पाय लांब करता येतील, इन्सुलिन वेळेवर होईल. मुलांना तोवर खाली धबधबा बघायला न्या. दोन खोल्यांच्या रात्रीपेक्षा हे कितीतरी कमी पडेल.

अहमदाबाद विमानतळाहून बडोदा शंभर-सव्वाशे किलोमीटर. एक्स्प्रेस वेला लागलात की रस्ता चांगला आहे, रात्री दोन तास धरा. गाडी बडोद्याहून ओळखीच्या ड्रायव्हरची मागवा, तिथे उतरून शोधत बसू नका. त्याला विमानाचा नंबर द्या, म्हणजे उशीर झाला तर तो बघून निघेल. आणि दिवसभर झोपलेला ड्रायव्हर हवा असं आधीच सांगा, दिवाळीत ही मंडळी रात्रंदिवस गाडी चालवतात.

कारेलीबाग_मावशी
गाडीत सासऱ्यांसाठी पाणी आणि खाण्याचा डबा ठेवायला त्या ड्रायव्हरच्याच हाती दे. विमानातलं जेवण त्यांच्या वेळेला येईलच असं नाही. डायबेटिक जेवण तिकीट काढतानाच नोंदव, तेही बहुतेक ठिकाणी निदान एक दिवस आधी सांगावं लागतं.

मांजलपूरची_सून
नोंदवते मावशी. डबा माझी जाऊबाई करून देईल, ती कारेलीबागलाच राहते. मोठ्या गाडीसाठी कोणाकडे खात्रीचा ड्रायव्हर असेल तर कृपया मला खाजगी निरोपात कळवा.